घरच्या घरी रबरी मासा: इंजेक्टर, साचा आणि माझ्या मनगटावरचा डाग

मागच्या महिन्यात मनगटाला पट्टी बांधून ऑफिसला गेलो, तर स्टँडअपमध्ये पहिला प्रश्न, "काय रे, स्वयंपाक करत होतास का?" म्हटलं, एका अर्थाने हो. प्लास्टिक शिजवत होतो.

तुमच्यापैकी जे अलिबाग-रेवदंड्याकडे खाडीवर रॉड घेऊन गरवायला जातात, त्यांना सॉफ्ट प्लास्टिक माहीतच आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. रबरासारखा लवचिक खोटा मासा, त्यात गळ घालायचा आणि पाण्यातून ओढत आणायचा. शेपटी हलते, जिताडा फसतो. (बहुतेक वेळा मीच फसतो.) माझा मामा आयुष्यभर जिवंत कोळंबी लावत आलाय, तो याला खेळण्यातला मासा म्हणतो. अडचण एवढीच, की खडकात आणि खारफुटीच्या मुळांत एका सकाळी चार-पाच सहज अडकून जातात, आणि पाकीट महाग. म्हणून घरी बनवायला घेतलं.

तशी ही आयडिया जुनीच. अमेरिकेत ओहायोमधल्या अ‍ॅक्रनच्या निक क्रीमने १९४९ साली घरच्या स्वयंपाकघरातच मऊ प्लास्टिकचा गांडूळ बनवला होता.

यासाठी लागतं प्लॅस्टिसॉल. म्हणजे पीव्हीसीची बारीक पूड आणि ती मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य, यांचं दुधी मिश्रण. गरम करायला लागलं की पूड ते द्रव्य पिते, फुगते, आणि मध्येच सगळं घट्ट खरवसासारखं होतं. नवशिक्याला इथे वाटतं बिघडलं. नाही बिघडलं, ढवळत राहा. साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला ते परत पातळ आणि पारदर्शक होतं. इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरच्या थराचं तापमान दाखवतो, म्हणून ढवळूनच मोजा.

आता इंजेक्टर. मोठी अ‍ॅल्युमिनियमची सिरिंजच समजा, दट्ट्याला रबरी रिंग. तोंड प्लास्टिकच्या आत बुडवून हळू खेचायचं. वर काढून खेचलंत तर हवा आत जाते आणि माशाच्या पोटात बुडबुडे. साचाही अ‍ॅल्युमिनियमचा, दोन भागांचा, क्लॅम्पने घट्ट आवळलेला. तोंड साच्याच्या भोकाला टेकवायचं आणि एकसारखा दाब द्यायचा. भोक भरलं की लगेच उचलू नका! प्लास्टिक थंड होताना आकसतं, म्हणून पाच-दहा सेकंद दाब धरून ठेवायचा, म्हणजे आतली कमी भरून निघते. माझ्या पहिल्या डझनभर माशांच्या पाठीला खड्डे होते, ते यामुळेच. साचा गार असेल तर पातळ शेपटीपर्यंत प्लास्टिक पोहोचतच नाही. पहिला शॉट वाया जाणार हे गृहीत धरा, तो परत वितळवता येतो. बाहेर काढलेला मासा सपाट ठेवा, वाकडा थंड झाला तर वाकडाच राहतो.

आता मनगट. घाई होती, म्हणून गरम साचा नळाखाली धरून गार केला आणि वरवर पुसला. आत एखादा थेंब राहिला असणार. १७५ अंशाचं प्लास्टिक त्यावर गेलं, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि माल भोकातून उलटा हातावर. हातमोजे होते, पण आखूड. हे प्लास्टिक तेलासारखं ओघळून जात नाही, चिकटून बसतं आणि भाजत राहतं. ओढून काढू नका, कातडी येते. वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, मग डॉक्टर. तेव्हापासून कोपरापर्यंतचे चामड्याचे हातमोजे, गॉगल, बंद बूट. आणि पाणी साच्यापासून लांब.

धुराचं तर त्याहून गंभीर. जास्त तापलं की पीव्हीसी पिवळं, मग तपकिरी पडतं आणि हायड्रोजन क्लोराइड सोडतं. पहिल्यांदा मी हे आमच्या स्वयंपाकघरात, घरच्याच मायक्रोवेव्हमध्ये केलं होतं. शेजारच्या खोलीतून आई खोकत बाहेर आली, तेव्हा कळलं की नाकाला झोंबणारा तो वास फक्त माझ्यापुरता नव्हता. कापडी मास्क या वायूला अडवत नाही. आता सगळं गच्चीवर, आणि तो मायक्रोवेव्ह कायमचा माशांचा. आईला नवा घेऊन दिला. बचतीचा हिशोब तिथेच संपला, खरं सांगायचं तर.

तयार मासे साध्या कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका. आतलं द्रव्य बाहेर झिरपतं आणि काही डब्या अक्षरशः विरघळवतं. मूळ पाकिटात ठेवा, गडद आणि फिके वेगळे. फाटलेले पाण्यात टाकू नका, हे कुजत नाही. मी बरणीत साठवतो आणि पुढच्या वेळी नव्या मालात थोडे थोडे मिसळतो. दोन-तीनदा वितळवल्यावर रंग मळकट होतो, पण गढूळ खाडीत तो चालतो.

मामाने मागच्या रविवारी तसलेच दोन मागून घेतले. कशाला, ते सांगितलं नाही.