कार्डात किती तास मावतात?

(बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर दिलेले भाषण)

रेकॉर्डर हाती घेतलेल्या बायांचा आम्हाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, या कार्डात किती तास मावतात?" काटोलकडची असो की उमरेडकडची, प्रश्न हाच. आणि तो बरोबरच आहे. गावातली ऐंशी वर्षांची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसली आणि अर्ध्यात कार्ड भरलं, तर ती पुन्हा त्याच मनानं बसेल याची खात्री कोण देणार?

टेपच्या काळी हिशोब सोपा होता. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं, नव्वदची म्हणजे ४५. बाजू संपली की खट्ट आवाज यायचा, सगळ्यांना कळायचं. कार्ड गुपचूप भरतं. शिवाय त्याच्यावर तास लिहिलेले नसतात, 'जीबी' लिहिलेलं असतं. ते जागेचं माप आहे, वेळेचं नाही.

कापसाचं बघा. गाडी तीच, पण घरचा कापूस मोकळा भरला तर लवकर भरते. जिनिंगमधून सरकी काढून गाठी बांधल्या तर कितीतरी जास्त मावतो. आवाजाचंही तसंच. रेकॉर्डरमध्ये साधारण दोन पर्याय असतात. एक 'वेव्ह', म्हणजे आवाज जसा आला तसा पूर्ण ठेवलेला. दुसरा 'एमपी३', म्हणजे कानाला फारसा जाणवणार नाही असा भाग काढून लहान केलेला. जागा वाचते, पण काढलेली सरकी परत बोंडात बसत नाही, तसा काढलेला आवाज परत येत नाही.

आता आकडे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, म्हणजे गाण्याच्या सीडीइतका चांगला वेव्ह, मिनिटाला साधारण साडेदहा एमबी जागा खातो. तासाला ६३५ एमबी. २ जीबीच्या कार्डात तो तीन तासांच्या थोडं वर मावेल, ३२ जीबीच्या कार्डात सुमारे ५० तास. त्याच ठिकाणी 'मोनो' निवडलं तर वेळ दुप्पट. एकटी बाई बोलत असेल तर मोनो पुरतं. एमपी३ १२८ वर ठेवलं तर तासाला फक्त ५८ एमबी लागतात. २ जीबीत सुमारे ३४ तास. उलट कोणी हौशीनं ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट लावून ठेवलं, तर तेच २ जीबीचं कार्ड एका तासाच्या आत भरेल! भाचा किंवा मुलगा "लय भारी क्वालिटी लावून देतो" म्हणाला, की आधी हे तपासा. रेडिओसाठी सीडीइतकी गुणवत्ता भरपूर झाली.

आमचं मत विचाराल तर ओव्या, भुलाबाईची गाणी, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी वेव्हमध्येच घ्या. गटाच्या बैठकीची नोंद, एखादं लांबलचक भाषण एमपी३मध्ये चालेल.

कार्ड घेताना ३२ जीबीचं कार्ड रेकॉर्डर २९ किंवा ३० जीबी दाखवतो म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते, यंत्र १०२४च्या. ती फसवणूक नव्हे. खरी फसवणूक वेगळी असते. बाजारात अगदी स्वस्तात मिळणाऱ्या काही कार्डांवर ६४ लिहिलेलं असतं आणि आत जागा असते ८ जीबीची. ती भरेपर्यंत सगळं ठीक चालतं, पुढचं रेकॉर्डिंग नुसतं नावाला दिसतं, वाजत नाही. म्हणून नवं कार्ड कॉम्प्युटरवर एकदा काठोकाठ भरा, शेवटच्या फाइली वाजवून बघा, मगच कामाला घ्या.

आणखी एक. मोठं कार्ड प्रत्येक रेकॉर्डरला चालत नाही. साधं 'एसडी' २ जीबीपर्यंत, 'एसडीएचसी' ३२ पर्यंत, त्यापुढचं 'एसडीएक्ससी'. जुनं यंत्र पुढचं कार्ड ओळखतच नाही. यंत्राच्या पुस्तिकेत कमाल किती ते दिलेलं असतं, तेवढंच घ्या. कार्डात जागा असली तरी एका फाइलीला मर्यादा असते. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये ती २ जीबी. म्हणजे सीडी गुणवत्तेत सव्वातीन तासांच्या पुढे गेलात की यंत्र दुसरी फाइल उघडतं, किंवा थांबतं. रात्रभराच्या भजनात मध्यंतरी थांबवून नव्यानं सुरू करणं बरं.

खरं सांगायचं तर कार्डाच्या आधी सेलच दगा देतात. साधे स्वस्त सेल नकोत, अल्कलाइन घ्या, आणि एक जोडी पदराला बांधल्यासारखी जवळ ठेवा. सेल काढायच्या आधी 'स्टॉप' दाबायचंच. थांबवताना यंत्र फाइल नीट बंद करतं. त्याआधी वीज गेली तर तासाभराचं बोलणं असूनही उघडत नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर हेमा राइरकर आणि गी पॉइट्वँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकात बर्नार बेल यांच्या साथीनं त्यातल्या काही बायांच्या आवाजात मुद्रित झाल्या. पुढे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ची माणसं त्या गावांत पुन्हा गेली, तेव्हा काही गाणाऱ्या जगात नव्हत्या. आवाज मात्र आज ऐकता येतो, कारण तो जपला गेला आणि सोबत गाणारीचं नाव, गाव लिहिलेलं होतं. आपण घेताना सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. १० सेकंद लागतात, कार्डात दीड-दोन एमबी.

सामुदायिक रेडिओला प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात, तो नियमच आहे. पण आपण तीन महिन्यांवर का थांबायचं? घरी आल्या आल्या रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरवा, दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घालून गटातल्या दुसऱ्या बाईच्या घरी ठेवा. दोन्ही प्रती वाजवून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. पुसायचं तेव्हा रेकॉर्डरमध्येच 'फॉरमॅट' करा. आणि कार्ड सुपारीच्या डबीत टाकू नका. त्याची प्लास्टिकची डबी येते, तिच्यावर गटाचं नाव चिकटवून ठेवा.