औषधी वनस्पतींचा माल तपासणीत नापास का होतो?

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला 'रेसिड्यू' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजेच आपल्याकडचे सीसीसी, मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि हंगामाचा हिशेब विस्कटला. अश्वगंधा, शतावरी किंवा सफेद मुसळी लावताना तोच धडा उपयोगी पडतो. ही मुळे वाळवून, दळून किंवा अर्क काढून औषध म्हणून रुग्णाच्या पोटात जातात. त्यामुळे त्यांची तपासणी अधिक बाजूंनी होते.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. प्रयोगशाळा मालातला दोष शोधते, तो दुरुस्त करत नाही. मालाची गुणवत्ता शेतात आणि वाळवणीच्या जागेवरच ठरते.

कारखान्यात काय तपासतात?

आयुर्वेदिक औषध कारखान्यांना औषधे नियमावलीतील शेड्यूल 'टी' लागू आहे. कच्चा माल तपासून, नोंद ठेवूनच वापरावा लागतो. मुख्य तपासण्या अशा:

- ओळख: मूळ त्याच वनस्पतीचे आहे का, हे बाह्य लक्षणे, सूक्ष्मदर्शक आणि एचपीटीएलसी यंत्राने पाहतात.
- माती व कचरा: आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार अश्वगंधेच्या मुळात बाह्य पदार्थ २ टक्क्यांपेक्षा आणि एकूण राख ७ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. मुळे नीट धुतली नाहीत, तर मातीमुळे राखेचे प्रमाण वाढते.
- जड धातू: शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा आहेत. १ पीपीएम म्हणजे एक टन मालात एक ग्रॅम. २००६ पासून केवळ वनस्पतीजन्य औषधांच्या निर्यातीसाठी ही तपासणी सक्तीची आहे.
- जिवाणू व बुरशी: ई-कोलाय आणि साल्मोनेला अजिबात नसावेत. बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विषही तपासले जाते.
- कीडनाशकांचे अंश आणि औषधी घटक: उदाहरणार्थ, अश्वगंधेतील विथॅनोलाइडचे प्रमाण.

ओळख चुकली तर काय होते?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी असलेल्या गोळ्या दिल्या जात होत्या. त्यात 'हान फांगजी' या मुळाऐवजी नावाने जवळची 'ग्वांग फांगजी' ही वेगळी, ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती गेली. सुमारे शंभर रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

आपल्याकडेही सफेद मुसळीच्या नावाखाली शतावरी कुळातील सोललेली मुळे बाजारात येतात. अश्वगंधेच्या मुळांच्या चुऱ्यात पाने मिसळली जातात. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानांचा वापर टाळण्याची सूचना दिली. म्हणून रोपे व बियाणे खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, पावती जपून ठेवा. पेठ, सुरगाण्याच्या जंगलातून माल गोळा करणाऱ्यांनी प्रत्येक वनस्पती वेगळ्या पोत्यात भरून त्याच दिवशी नावाची चिठ्ठी लावावी.

शेतात घ्यायची काळजी

- शहराचे सांडपाणी किंवा कारखान्याचे पाणी येणारी, तसेच महामार्गालगतची जमीन टाळा. लागवडीपूर्वी माती व पाणी तपासा.
- शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरा. कच्च्या खतातून जिवाणू मुळांपर्यंत पोहोचतात.
- औषधी पिकांसाठी लेबल क्लेम असलेली कीडनाशके फार कमी आहेत. द्राक्षाच्या वेळापत्रकातील फवारणी येथे करू नका. शेजारी द्राक्षबाग असेल, तर फवारा वाऱ्याने येणार नाही इतके अंतर किंवा आडोसा ठेवा.
- अश्वगंधा साधारण १५० ते १८० दिवसांत, पाने वाळू लागून फळे लाल झाल्यावर काढा.

वाळवणीतच जास्त माल बिघडतो

मुळे काढल्यावर वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा. अश्वगंधेचे ७ ते १० सेंमी तुकडे करा. माल जमिनीवर किंवा रस्त्यावर पसरू नका. तुमच्याकडे बेदाण्याचे शेड असेल, तर त्याचे जाळीचे कप्पे वाळवणीला उत्तम. मात्र आधीच्या गंधकाचे आणि डिपिंग ऑइलचे अवशेष धुऊन काढा. मुळांना गंधकाची धुरी देऊ नका. ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आला, मूळ वाकवल्यावर कट्कन मोडले, की माल स्वच्छ, कोरड्या पोत्यांत भरून लाकडी फळ्यांवर ठेवा. ओलसर राहिलेले एक पोतेही आसपासचा माल बिघडवू शकते.

विक्रीपूर्वी एवढे करा

१. लागवडीआधीच खरेदीदाराकडून त्याचे निकष लेखी घ्या.
२. लागवड, खत, फवारणी, काढणी व वाळवणीची तारीखवार नोंद ठेवा. २०१० मध्ये सीसीसी नेहमीच्या तपासणीच्या यादीत नव्हते. काय फवारले याची नोंद असेल, तरच काय तपासायचे ते कळते.
३. पोत्यांच्या वरून, मधून व खालून नमुना घेऊन एकत्र करा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, पुरेसा लहान होईपर्यंत हेच पुन्हा करा. नमुन्याचा अर्धा भाग एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला द्या आणि अर्धा सीलबंद करून स्वतःकडे ठेवा. वाद झाला तर हाच तुमचा पुरावा.
४. गट करून माल विकणार असाल, तर राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या ऐच्छिक प्रमाणन योजनेची चौकशी करा.

विस्तार कार्यकर्त्यांनी लागवडीच्या सल्ल्याबरोबर वाळवणी व नमुना घेण्याचे प्रात्यक्षिकही द्यावे. नापास झालेल्या मालाचा वाहतूक खर्च बहुधा शेतकऱ्याच्याच अंगावर पडतो; आणि तपासणीतून निसटलेल्या दोषाची किंमत रुग्ण मोजतो.