परदेशी गुरुजींची शिदोरी



आपल्या समाजातील सुशिक्षित तरुण-तरुणींचा ओढा आजवर बहुधा अमेरिका, इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियाकडे असे. अलीकडे पूर्वेकडील देशांची नावेही घराघरांत ऐकू येऊ लागली आहेत. वैनगंगेच्या काठावरील आमच्या कारध्यासारख्या गावातही मुलांना कोरियन मालिकांतील पात्रांची नावे मुखोद्गत असतात. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्यात इंग्रजीच्या साहाय्यक शिक्षकांसाठीही वाट ठेवलेली आहे. उद्या आपल्याच घरातील एखादी उच्चशिक्षित कन्या तिकडे अध्यापनासाठी निघाली, तर आईवडिलांच्या मुखातून पहिला प्रश्न येईल तो हाच: "तिथे ती खाणार काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कोरियन जेवणात किमची हवीच, आणि त्या लोणच्यासारख्या पदार्थात लसूण तर असतोच, शिवाय खारवलेली कोळंबी किंवा मासळीही बहुधा घातलेली असते. वरकरणी निरामिष दिसणाऱ्या सारातही सुक्या मासळीचा अर्क असू शकतो. शाळेत दुपारचे भोजन शाळेतर्फेच मिळते. विद्यार्थी आणि शिक्षक ते बरोबरच घेतात. सायंकाळी सहकाऱ्यांचे सामुदायिक भोजन असते. त्यात मांस आणि मद्य यांना मोठे स्थान आहे. तेथे जाणे टाळले, तर हा माणूस आपल्यात मिसळत नाही असा समज होण्याची भीती; आणि गेले, तर व्रताची कसोटी.

परंतु त्याच देशातील बौद्ध मंदिरांमध्ये शेकडो वर्षे चालत आलेली एक वेगळी पाकपरंपरा आहे. तिच्यात मांस-मासे वर्ज्य आहेतच, परंतु लसूण, कांद्याची पात आणि त्या जातीच्या इतर उग्र भाज्याही निषिद्ध आहेत. त्या चित्ताला चंचल करतात, अशी तेथील भिक्षूंची धारणा आहे. हे वाचून आपल्याला एखादा दूरचा आप्त भेटल्यासारखे वाटेल. मात्र मुळा, बटाटा, कमळाचे कंद तेथे चालतात. म्हणजे कंदमूळ वर्ज्य करणाऱ्याला तेथेही विचारूनच पानावर बसावे लागेल.

शिष्टाचारांतही अनेक गोष्टी ओळखीच्या वाटतात. घरात पादत्राणे चालत नाहीत. वडीलधाऱ्यांना वस्तू देताना दोन्ही हात पुढे करतात. पहिल्या भेटीतच वय विचारले जाते. त्यात आगाऊपणा नसतो. आपल्याकडे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून निवड करावी लागते, तशी तेथे वयाप्रमाणे क्रियापदाची रूपेही बदलतात. शिक्षकाला 'सन्सेंगनीम' म्हणतात. 'आधी जन्मलेला' असा त्याचा मूळ अर्थ, आणि शेवटचा 'नीम' हा आपल्या 'जी'सारखा. ज्या सेजोंग राजाने १४४६ मध्ये प्रजेला सुलभ लिपी दिली, त्याचा जन्मदिवस, १५ मे, हाच तेथे शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. अशा देशात शिक्षकाला मान मिळतो, परंतु त्याच्याकडे सगळ्यांची दृष्टीही असते.

या संदर्भात आपल्याच भाषेतील एका परदेशी गुरुजींचे चरित्र आठवण्याजोगे आहे. ते म्हणजे धर्मानंद कोसंबी. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. इंग्रजी शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नाही. बुद्धाच्या शिकवणीची ओढ लागून १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत ते १९०२ मध्ये श्रीलंकेतील विद्योदय विद्यालयात पोहोचले आणि सुमंगलाचार्यांकडे पाली शिकले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले होते. परमुलखात शिकवण्याआधी परमुलखात शिष्य होऊन राहण्याचा धडा त्यांनी असा गिरवला.

पुढे कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. तेथे चांगल्या वेतनाची शक्यता असतानाही महाराष्ट्रात पालीचा प्रसार व्हावा म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले. ज्यांचे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले, त्यांना या निवडीचे मोल अधिक जाणवेल.

१९१० मध्ये प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे अपुरे राहिलेले काम तेथे त्यांची वाट पाहत होते. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद झाले, तेव्हा ते काम तसेच ठेवून १९१२ मध्ये परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. तरीही कटुता धरून न बसता ते पुढे तीनदा हार्वर्डला गेले आणि काम पुरे केले. १९२९ मध्ये त्यांनी रशियातील लेनिनग्राड येथेही अध्यापन केले. हार्वर्डची ती आवृत्ती १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली.

आपल्या समाजाचा आणि कोसंबींचा संबंध मात्र सरळ नाही. गुजरात विद्यापीठात ते मुनी जिनविजयजी आणि पंडित सुखलालजी यांच्या सहवासात राहिले. परंतु प्राचीन काळी श्रमणांच्या आहारात मांस वर्ज्य नव्हते, असे मत त्यांनी जैन आगमांतील काही उल्लेखांच्या आधारे मांडले, तेव्हा समाजात तीव्र क्षोभ उसळला. त्या शब्दांचा अर्थ वनस्पतिवाचक आहे, असे आपल्या विद्वानांचे प्रतिपादन होते. ते मत मलाही मान्य होण्याजोगे नाही.

तथापि याच कोसंबींनी 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे पुस्तक लिहिले आणि भगवान पार्श्वनाथांचे चार याम जगाच्या कल्याणाचा मार्ग आहेत, असे त्यात मांडले. शरीर समाजाच्या उपयोगी पडेनासे झाले, तेव्हा त्यांनी आपल्या सल्लेखनेच्या परंपरेचा आदर्श समोर ठेवून अन्नत्याग केला. पहिल्या खेपेस गांधीजींच्या आग्रहामुळे त्यांनी तो थांबवला. अखेर आपल्याच विदर्भातील सेवाग्राम आश्रमात ४ जून १९४७ रोजी त्यांनी शांतपणे देह ठेवला. ज्याच्यावर आपण रुष्ट झालो, त्याने आयुष्याच्या शेवटी आपल्याच तीर्थंकरांचा मार्ग जवळ केला. अनेकांतवाद मानणाऱ्या समाजाने हे चरित्र एका मताच्या रागापायी दूर लोटू नये, असे मला मनापासून वाटते.

परदेशी निघालेल्या आपल्या मुलांच्या शिदोरीत खाकरे आणि मेथीची चटणी जरूर असावी. पण ती महिनाभरात संपेल. आपण अमुक पदार्थ का खात नाही, हे त्या देशाच्या भाषेत दोन नम्र वाक्यांत सांगता आले पाहिजे. ते यजमानाच्या ताटाला नाक न मुरडता सांगायचे असते, कारण वाचेची हिंसा हीदेखील हिंसाच आहे. सामुदायिक भोजनास जावे, आपले पथ्य आधी कळवावे, साधा भात आणि फळे घेऊन सर्वांबरोबर बसावे. सूर्यास्तानंतर आहार न घेणाऱ्याने नुसत्या पाण्याचा पेला समोर ठेवून गप्पांत सहभागी व्हावे. नियम स्वतःला नीट कळलेला असेल तरच हे साधते. "घरी असेच करतात" एवढेच उत्तर ज्याच्यापाशी आहे, तो परक्या मुलखात एक तर नियम सोडतो किंवा माणसे तोडतो.

म्हणून पारपत्र आणि व्हिसा यांच्या धावपळीत वडीलधाऱ्यांनी काही संध्याकाळी अवश्य राखून ठेवाव्यात. मुलांना पाच अणुव्रतांचा अर्थ समजावून सांगावा, त्यांच्या शंका न रागावता ऐकाव्यात आणि एखाद्या शंकेचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नसेल, तर ते मिळून शोधावे.

— निवृत्त बँक अधिकारी, कारधा (जि. भंडारा)