गाळ्याच्या हिशेबात वर्षं धरा

सोलापुरात होटगी रस्त्यावर किंवा जुळे सोलापुरात व्यापारी गाळा घेणारा माणूस दोन आकडे चटकन सांगतो: चौरस फुटाचा दर आणि अपेक्षित भाडं. पैसा किती वर्षं अडकेल, हा तिसरा आकडा सहसा मांडलाच जात नाही, आणि माझ्या मते या शहरातली खरी जोखीम तिथेच आहे. विमानतळाच्या आशेवर होटगी रस्त्याला जागा घेणं चुकीचं नव्हतं. पण सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी उड्डाणाच्या वाटेत होती. तिचा वाद वर्षानुवर्षं चालला, १५ जून २०२३ रोजी ती पाडली गेली आणि गोव्याचं विमान सुरू झालं ते जून २०२५ मध्ये. आशा खरी ठरली, फक्त उशिरा. समजा, अशा जागेत ५० लाख रुपये गुंतले आणि पैशाचा खर्च वर्षाला ९ टक्के धरला, तर चक्रवाढीने पाच वर्षांत ते ७७ लाखांच्या घरात जातात. मधल्या काळात भाडं आलं नाही, तर भाव दीडपट होऊनही मालक तोट्यात राहतो.

उशीर बहुधा कागदात आधीच लिहिलेला असतो. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना म्हणून सावकाश वाचायचा. जमीन भोगवटादार वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. नागरी जमीन कमाल धारणा कायदा सोलापूरलाही लागू होता. राज्यात तो २००७ मध्ये रद्द झाला, तरी कलम २० खाली सूट मिळालेल्या जमिनींवरच्या अटी उठल्या नाहीत. बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जागांचं तर विचारूच नका: भर शहरात, मोठ्या आणि सलग. पण गिरणी अवसायनात निघाली की तारणधारक बँकेच्या बरोबरीने कामगारांच्या थकीत देण्यांचाही हक्क उभा राहतो, आणि तो राहिलाच पाहिजे. हे सगळं मिटेपर्यंत ती मोक्याची जागा कमाई देत नाही.

जमिनीचा भाव कधी पडत नाही, असं यावर कुणी म्हणेल. मानलं; पण व्याज जमिनीतून नव्हे, खिशातून जातं. आता बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारं महारेरा आहे, असंही म्हटलं जातं. २०१७ पासून ती मोठीच सोय झाली आहे, व्यापारी प्रकल्पांनाही ती लागू आहे. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आणि महारेरा भाडेकरू आणून देत नाही. ज्या शहराने वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी भरलं, तिथे हॉटेल किंवा दवाखाना चालवणारा भाडेकरू आधी टाकी आणि बोअर बघतो, मग काचेचा दर्शनी भाग. म्हणून इसार देण्याआधी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, शेजारच्या इमारतीतले रिकामे गाळे मोजा आणि दोन वर्षं भाडं न येता हप्ते भरता येतील का, ते घरच्यांसमोर कागदावर मांडा. उत्तर ‘नाही’ आलं, तर तो गाळा घेऊ नका.