हिरडीतला पडदा आणि भंडाऱ्याचा कोसा

पायरियाने दाताभोवतीचे हाड झिजले की डॉक्टर हिरडी उघडून मूळ साफ करतात आणि हिरडी व हाड यांच्यामध्ये पातळ पडदा ठेवून टाके घालतात. त्यामागचा विचार दंतसंशोधक मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडला: साफ केलेल्या मुळावर कोणत्या पेशी आधी पोहोचतात, यावर जखम कशी भरणार हे ठरते. हिरडीच्या वरच्या थरातल्या पेशी झपाट्याने पुढे सरकतात. दात हाडाला जखडणारे तंतू तयार करणाऱ्या पेशी मागे पडतात. पडदा पहिल्या पेशींना थोपवून दुसऱ्यांना चार ते सहा आठवड्यांची सवड देतो. टेफ्लॉनचे पडदे काढायला हिरडी पुन्हा उघडावी लागे, म्हणून विरघळणारे पडदे आले. त्यासोबत एक गैरसमजही आला, की विरघळणारे ते निरुपद्रवीच.

पडदा हा नुसता अडसर नसतो. कोलॅजेनवर हिरडीच्या फायब्रोब्लास्ट पेशी चटकन चिकटतात, पण शरीरातली विकरे ते लवकर संपवतात. टिकावे म्हणून त्यावर ग्लुटाराल्डिहाइडची प्रक्रिया केली, तर त्याचा उरलेला अंश त्याच पेशींना मारक ठरू शकतो. पॉलिलॅक्टिक आम्लाचा पडदा विरघळताना लॅक्टिक आम्ल सोडतो, आणि प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या पेशींना ते बाधू शकते. बशीतले निष्कर्ष तोंडाला कसे लावायचे, तिथे रक्त हे आम्ल वाहून नेते, असा आक्षेप घेतला जातो. रक्तपुरवठा चांगला असेल तिथे तो पटतो. पण शस्त्रक्रिया होते ती आजारी हिरडीवर, आणि विदर्भात तिच्याशेजारी गालात पुष्कळदा तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबलेला असतो. त्यातले निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, फायब्रोब्लास्टची मुळाला चिकटण्याची क्षमताही घटवते.

म्हणूनच पेशींना स्वतःहून धरून ठेवणारा पडदा हवा, आणि तिथे भंडारा जिल्ह्यातला कोसा लक्ष वेधतो. मोहाडी, आंधळगावच्या मागांवरचे हे रेशीम ऐन-अर्जुनाची पाने खाणाऱ्या टसर अळीचे. त्याच्या फायब्रॉइन प्रथिनात आर्जिनिन, ग्लायसिन, अस्पार्टिक आम्ल अशी तीन दुव्यांची साखळी असते; पेशींवरचे इंटिग्रिन नेमके तिलाच पकडतात. तुतीच्या रेशमात ती नाही. अर्थात मागावरचा धागा थेट हिरडीत घालता येत नाही. त्यावरचे चिकट सेरिसिन पूर्ण काढावे लागते, फायब्रॉइन विरघळवून पातळ पापुद्रा करणे तुतीच्या रेशमापेक्षा अवघड जाते, आणि तो शरीरात किती दिवसांत विरतो हेही आटोक्यात ठेवावे लागते. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या कारागिरीच्या आहेत. पेशीला धरण्याचा गुण कोशात मुळातच आहे. तो इथल्या रुग्णाच्या कामी यायचा, तर चाचणीच्या बशीत निरोगी पेशींबरोबर निकोटीनमध्ये वाढवलेल्या पेशीही ठेवाव्या लागतील.