जी.आर.ई. परीक्षेतील निबंधलेखन आणि वऱ्हाडातील विद्यार्थी

प्रस्तावना :

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील अभियांत्रिकी, कृषी आणि विज्ञान शाखांचे काही पदवीधर दरवर्षी परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील, विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करतात. त्यांपैकी अनेकांना जी.आर.ई. ही परीक्षा द्यावी लागते. २०२० नंतर बऱ्याच विद्यापीठांनी या परीक्षेची अट ऐच्छिक केली किंवा काढून टाकली, हे खरे असले तरी परीक्षा संपुष्टात आलेली नाही. या परीक्षेच्या गणिती भागाची भीती आपल्या विद्यार्थ्यांना सहसा नसते. शाब्दिक भागासाठी ते शब्दांच्या याद्या पाठ करतात. निबंधाचा भाग मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो, कारण ‘निबंध तर शाळेपासून लिहीत आलो’ अशी एक समजूत असते. ही समजूत कितपत ग्राह्य आहे आणि महाविद्यालयीन प्राध्यापकांना या बाबतीत काय करता येण्यासारखे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परीक्षेचे आजचे स्वरूप :

जी.आर.ई. ही परीक्षा एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही अमेरिकन संस्था घेते. विश्लेषणात्मक लेखनाचा विभाग ऑक्टोबर २००२ पासून सामान्य परीक्षेचा भाग झाला. त्या वेळी दोन निबंध लिहावे लागत. पहिल्यात एखाद्या मुद्द्यावर स्वतःचे मत मांडायचे असे व त्यासाठी ४५ मिनिटे मिळत. दुसऱ्यात दिलेल्या युक्तिवादातील उणिवा ३० मिनिटांत दाखवायच्या असत. २०११ मध्ये दोन्हींना प्रत्येकी ३० मिनिटे ठरली. सप्टेंबर २०२३ मध्ये परीक्षा आटोपशीर करण्यात आली, तेव्हा युक्तिवादाच्या परीक्षणाचा निबंध वगळला गेला. आता मुद्द्याच्या विश्लेषणाचा एकच निबंध ३० मिनिटांत लिहावयाचा असतो आणि सुमारे दोन तासांच्या परीक्षेत तोच सर्वप्रथम येतो. व्यवस्थापन शाखेच्या जीमॅट परीक्षेने तर २०२३ च्या नव्या स्वरूपात निबंध पूर्णपणे काढून टाकला आहे. हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुनी मार्गदर्शक पुस्तके असतील, तर विद्यार्थी अद्यापही दोन निबंधांची तयारी करीत बसतील. ती पुस्तके टाकून देण्याचे कारण नाही. पण त्यांवर वर्षाची ठळक नोंद केलेली बरी.

निबंधाला शून्य ते सहा या श्रेणीत, अर्ध्या गुणाच्या टप्प्याने, गुण मिळतात. एक प्रशिक्षित परीक्षक निबंध समग्रपणे वाचून गुण देतो आणि एक संगणकीय प्रणालीही स्वतंत्रपणे गुण देते. दोहोंत फारसा फरक नसेल तर सरासरी धरली जाते. फरक मोठा असेल तर दुसरा परीक्षक निबंध वाचतो व दोन्ही परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढली जाते. याखेरीज निबंधातील मजकूर अन्यत्र लिहिल्या गेलेल्या मजकुराशी जुळतो काय, हेही संगणकाद्वारे तपासले जाते. लक्षणीय साम्य आढळल्यास गुण रद्द होऊ शकतात. पाठ केलेला तयार मजकूर उतरवून काढणाऱ्या विद्यार्थ्याचा धोका येथे केवळ कमी गुणांचा नसतो.

विषयांची संपूर्ण यादी संस्थेने स्वतःच आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केली आहे. शिक्षण, शासन, तंत्रज्ञान, कला, संशोधन अशा क्षेत्रांतील ही सर्वसाधारण विधाने असून कोणत्याही एका विद्याशाखेचे विशेष ज्ञान त्यांना लागत नाही. विद्यार्थी ही यादी पाहतात आणि विधाने वाचून थांबतात. वस्तुतः प्रत्येक विधानाखाली दिलेली सूचना विधानाइतकीच महत्त्वाची असते. या सूचना सहा प्रकारच्या आहेत. कधी विधान कोणत्या परिस्थितीत खरे ठरते व कोणत्या परिस्थितीत ठरत नाही, हे पाहावयास सांगितलेले असते. कधी एखादी शिफारस अमलात आणल्यास ती कोठे लाभदायक व कोठे हानिकारक ठरेल, असे विचारलेले असते. कधी परस्परविरोधी दोन मते देऊन दोहोंचा परामर्श घ्यावयाचा असतो, तर कधी आपल्या मतावर घेतला जाऊ शकणारा सर्वांत प्रबळ आक्षेप विचारात घ्यावा लागतो. विधानाबरोबर त्याचे कारणही दिलेले असेल, तर दोहोंचा वेगवेगळा विचार अपेक्षित असतो. धोरणाविषयी विधान असेल तर त्याचे परिणाम तपासावे लागतात. सूचनेकडे दुर्लक्ष करून केवळ विषयावर लिहिलेला निबंध भाषेने चांगला असूनही मध्यम श्रेणीतच अडकतो. संस्थेच्या प्रसिद्ध गुणनिकषांत तीन गुणांच्या निबंधाचा हा एक दोष म्हणून स्पष्टपणे नोंदविला आहे.

शालेय निबंधाचा वारसा :

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा विषय महाराष्ट्रातील कोणत्याही विद्यार्थ्याला नवा नाही. त्याचा साचाही सर्वांना परिचित आहे. आरंभी एखादे सुवचन, मग वरदानाचा एक परिच्छेद, मग शापाचा एक परिच्छेद आणि शेवटी ‘विज्ञानाचा उपयोग कसा करायचा हे माणसाच्या हाती आहे’ हे वाक्य. या साच्याने अनेक पिढ्यांना उत्तीर्ण केले आहे, म्हणून त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. तथापि जी.आर.ई.चा निबंध ज्या ठिकाणी खऱ्या अर्थाने सुरू होतो, नेमक्या त्याच ठिकाणी हा साचा थांबतो. माणसाच्या हाती आहे, हे मान्य. पण कोणत्या माणसाच्या, कोणत्या परिस्थितीत, आणि त्याच्या हाती नसेल तर काय, हे प्रश्न तेथे विचारलेच जात नाहीत. दोन्ही बाजूंना समान जागा देऊन मध्यभागी उभे राहणे म्हणजे समतोल विचार, असा एक गैरसमज त्यातून रुजतो. परीक्षकाला अपेक्षित असते ते अटींसह घेतलेले स्थान. अमुक मर्यादेपर्यंत विधान मान्य, त्यापलीकडे अमान्य, आणि ती मर्यादा कशामुळे पडते ते असे, अशी त्याची रचना असते.

ही रीत परकी आहे, असे मानण्याचे कारण नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडून मग त्याचे खंडन करण्याची पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची पद्धत आपल्या शास्त्रपरंपरेत जुनी आहे. आधुनिक मराठी वैचारिक निबंधात तिचा प्रत्यय घ्यावयाचा असेल तर गोपाळ गणेश आगरकरांचे लेखन वाचावे. आगरकर मॅट्रिक झाले ते अकोल्याहून, आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ सुरू केले. रूढीच्या समर्थकांचा आक्षेप ते टाळून पुढे जात नाहीत. तो मांडतात, त्याला उत्तर देतात आणि मगच पुढचे पाऊल टाकतात. जी.आर.ई.च्या तयारीसाठी मराठी निबंध वाचावयास सांगणे कोणाला विचित्र वाटेल. परंतु विचाराची चाल आत्मसात करावयाची असेल तर ती मातृभाषेत अधिक लवकर साधते.

जवळची उदाहरणे :

विद्यार्थ्यांच्या सरावनिबंधांत उदाहरणे म्हणून एडिसन, आइन्स्टाइन, गांधीजी व नासा यांची ये-जा सतत चालू असते. ही उदाहरणे चुकीची नव्हेत. पण विद्यार्थ्याला त्यांच्याविषयी एखाद्या वाक्यापलीकडे सांगता येत नाही, ही अडचण आहे. उदाहरणाचा उपयोग त्याच्या कीर्तीवर अवलंबून नसून त्यातील कार्यकारणभाव किती उलगडून दाखविता येतो, यावर असतो. या दृष्टीने वऱ्हाडातील विद्यार्थी मुळीच दरिद्री नाही.

सरावासाठी पुढील विधान घेऊ : ‘एखाद्या प्रदेशाच्या विकासासाठी अनेक लहान प्रयत्नांपेक्षा एक मोठा प्रकल्प अधिक उपयुक्त ठरतो.’ सूचना अशी की, विधान कोठे खरे ठरते व कोठे नाही याचा विचार करावा. दर्यापूर, अकोट किंवा तेल्हारा तालुक्यातील विद्यार्थ्याच्या घराभोवतीच या प्रश्नाचे उत्तर पसरलेले आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील भूजल खारट असल्याने विहीर खोदूनही पिण्याचा वा ओलिताचा प्रश्न सुटत नाही. अशा स्थितीत शहरांना मोठ्या धरणांवाचून गत्यंतर नाही. अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा जलाशयातून आणि अमरावतीला मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी मिळते. लाखो लोकांची तहान शेततळ्यांनी भागणार नाही. येथपर्यंत विधान खरे.

परंतु शेताकडे वळताच चित्र बदलते. या पट्ट्यातील काळी माती अत्यंत चिकण असून तिच्यातून पाण्याचा निचरा फार हळू होतो. अशा जमिनीला मोठ्या प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी वारेमाप दिले, तर पाण्याची पातळी वर येऊन क्षार पृष्ठभागाजवळ साचण्याचा धोका असतो. पाणी आले, पण जमीन बिघडली, असे होऊ शकते. याउलट पावसाचे पाणी गोडे असते आणि पाणी मुरू न देण्याचा जो मातीचा दोष, तोच शेततळ्यात गुण ठरतो. तळ्यात साठविलेल्या या पाण्याची एखादी संरक्षित पाळी हरभऱ्याला देता येते. तेव्हा विद्यार्थ्याचे स्थान असे ठरेल : जेथे गरज एकवटलेली आहे आणि पाणी दुरून आणण्यास पर्याय नाही, तेथे मोठा प्रकल्प श्रेष्ठ, जेथे यशापयश मातीच्या गुणधर्मावर ठरते, तेथे लहान प्रयत्न श्रेष्ठ. यावर आक्षेपही त्यानेच घ्यावा. पाऊसच कमी झाला तर शेततळे कशाने भरणार? या आक्षेपाला पूर्ण उत्तर नसेल तर तसे मान्य करावे. तेवढ्याने निबंध दुबळा होत नाही. आपल्या मताची मर्यादा लेखकाला ठाऊक आहे, हे त्यातून दिसते.

तंत्रज्ञानविषयक विधानांसाठी कापूस आहेच. २००२ मध्ये बी.टी. कापसाला मान्यता मिळाली, बोंडअळीपासून काही काळ दिलासा मिळाला आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात पुन्हा मोठे नुकसान केले. अळीमध्ये प्रतिकारक्षमता का निर्माण झाली आणि आश्रयपिकाची ओळ शेताकडेला का लावली गेली नाही, हे कृषी शाखेच्या विद्यार्थ्याला पाठ्यक्रमातूनच माहीत असते. निसर्गसंरक्षण आणि माणसाची उपजीविका यांच्या संघर्षावर विधान आले, तर मेळघाट आहे. १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांत त्याचा समावेश होता, आणि तेथील काही गावांचे पुनर्वसन अकोट परिसरात झाले. मात्र परदेशी परीक्षकाला खारपाणपट्टा किंवा मेळघाट ठाऊक नसणार. म्हणून पहिल्या उल्लेखातच अर्ध्या वाक्यात ओळख करून द्यावी, आणि ती अर्ध्या वाक्यातच आटोपावी. भूगोल सांगण्यात दहा मिनिटे घालविणारे विद्यार्थीही असतात.

सराव आणि तपासणी :

इंग्रजीची भीती हे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचे मोठे दडपण असते. गुणनिकष पाहता ते काहीसे अनाठायी आहे. किरकोळ व्याकरणदोष सर्वोच्च श्रेणीच्या निबंधातही चालतात. अर्थ झाकोळणारे दोष मात्र चालत नाहीत. जड शब्दांच्या यादीतील दहा शब्द ओढूनताणून बसविण्यापेक्षा साधे, सरळ वाक्य केव्हाही चांगले. आपल्याकडे निबंध इंग्रजीच्या प्राध्यापकांनी तपासावा असा प्रघात आहे आणि ते बहुधा काल व वचन दुरुस्त करून देतात. त्याची गरज आहेच. परंतु विचाराची तपासणी विषयाच्या प्राध्यापकानेही केली पाहिजे. मृदाशास्त्राच्या प्राध्यापकाने समासात ‘असे नेहमीच होते काय?’ एवढे लिहिले, तरी विद्यार्थ्याला पुढच्या निबंधासाठी दिशा मिळते.

सरावाची एक सोपी रीत अशी. दोन विद्यार्थ्यांनी एका विधानावर दहा मिनिटे मराठीतून, हवे तर वऱ्हाडीतून, वाद घालावा; एकाने बाजू मांडावी, दुसऱ्याने केवळ अडवावे. त्यानंतर लगेच दोघांनीही इंग्रजीत लिहावयास बसावे. बोललेली मराठी वाक्ये शब्दशः इंग्रजीत उतरवू नयेत. वादात जे मुद्दे टिकले तेवढेच घ्यावेत. आठवड्यातून असे दोन निबंध दोन महिने लिहिले गेले, तर पाठांतराची गरज उरत नाही.

लेखन संगणकावर करावे लागते, ही बाब क्षुल्लक वाटली तरी तशी नाही. परीक्षेच्या लेखनप्रणालीत मजकूर घालणे, गाळणे, हलविणे अशा मोजक्याच सोयी असतात. शब्दलेखन किंवा व्याकरण तपासणारी सोय नसते. भ्रमणध्वनीवर अंगठ्याने लिहिण्याची सवय झालेल्या विद्यार्थ्याचा कळफलकावर वेग पडतो आणि चार परिच्छेदांचा विचार डोक्यात असूनही दोनच उतरतात. म्हणून महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत साध्या नोटपॅडवर, घड्याळ लावून सराव घ्यावा. पहिली पाच मिनिटे केवळ विचारासाठी ठेवावीत. या वेळात स्थान, दोन उदाहरणे व एक आक्षेप कच्च्या कागदावर टिपून घ्यावेत. पुढची वीस मिनिटे लेखनासाठी असावीत. उरलेल्या पाच मिनिटांत प्रथम विधानाखालची सूचना पुन्हा वाचावी, तिने विचारलेल्या गोष्टीचे उत्तर निबंधात आले आहे की नाही ते पाहावे, आणि मगच शुद्धलेखनाकडे वळावे.