हाकेची परतफेड

एकाच माणसाला रामचंद्रराव, रामभाऊ, रामा आणि राम्या अशा चार हाका ऐकाव्या लागतात. माणूस तोच, परंतु हाकेगणिक त्याची जागा बदलते. व्याकरण त्याला विशेषनाम म्हणून मोकळे होते. बोलण्यात मात्र नाव दोन माणसांतील अंतरही सांगते. ते अंतर ओळखावयाचे कसे, एवढेच आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

'तू' म्हणजे अनादर आणि 'तुम्ही' म्हणजे आदर, हे कोष्टक सोपे आहे. पण ते घराच्या उंबरठ्यातच अडखळते. आपल्या पुष्कळ घरांतून आईला 'अगं' आणि वडिलांना 'अहो' म्हणतात. म्हणून आईचा मान कमी, असे कोणी म्हणणार नाही. विठ्ठलाला तर वारकरी 'तू'च म्हणतो. उलट दोन मित्रांत बिनसले, की कालचा 'अरे' आज 'अहो' होतो. तो आदर नव्हे; दुरावा होय. मग अर्थ ठरतो कशावरून?

याचा पद्धतशीर शोध अमेरिकेत झाला. रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिल्मन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील 'तू' व 'तुम्ही'च्या मुळाशी सत्ता आणि आपलेपणा अशी दोन तत्त्वे दाखविली. इंग्रजीत 'तू-तुम्ही'चा भेद उरलेला नाही. तेथे ते काम नुसते पहिले नाव, किंवा 'मिस्टर', 'मिस' यांसह आडनाव, या निवडीतून होते. ब्राउन व मार्गरीट फोर्ड यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नाटकांतील संवाद तपासले आणि बोस्टनमधील एका कचेरीतील हाकाही पाहिल्या. त्यांचे मर्म असे, की हाक एकटी पाहू नये. तिची परतफेड पाहावी. दोघेही पहिल्या नावाने बोलत असतील, तर सलगी. दोघेही आडनावाने बोलत असतील, तर परकेपणा. पण एक नुसते नाव घेतो आणि दुसरा उपपद लावतो, तेथे वयाची वा अधिकाराची उतरंड असते. शिवाय सलगीची पहिली पायरी बहुधा वरचाच उतरतो. खालच्याने ती आपण होऊन उतरली, तर तो आगाऊपणा ठरतो.

ही केवळ शिष्टाचाराची बारीकसारीक बाब नव्हे. १९६३ साली अलाबामातील गॅड्स्डन येथील न्यायालयात मेरी हॅमिल्टन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीला सरकारी वकिलाने 'मेरी' म्हणून प्रश्न विचारले. 'मिस हॅमिल्टन' म्हटल्यावाचून उत्तर देणार नाही, असे तिने बजावले. न्यायालयाच्या बेअदबीबद्दल तिला पाच दिवसांची कैद व पन्नास डॉलर दंड झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली तो निर्णय फिरविला. तिचा आक्षेप आपल्या नावाला नव्हता. 'मिस्टर' घेणाऱ्याने 'मिस' न देण्याला होता.

आपल्याकडे हे नवे नाही. सवर्णाच्या पोराने गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्याला अरेतुरे करावे आणि म्हाताऱ्याने त्या पोराला 'मालक' म्हणावे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या १८व्या कलमाने सरकारी पदव्यांना बंदी केली. रावबहादूर, रावसाहेब हे किताब इतिहासजमा झाले. परंतु हाक ही कोणत्याही सरकारी आज्ञापत्राने मिळत नसल्यामुळे कायद्याने ती काढूनही घेता येत नाही.

म्हणून ज्याला समाज अभ्यासावयाचा आहे, त्याने नुसती विचारपूस करून थांबू नये. 'आम्ही सर्वांशी सारखेच बोलतो,' असे सारेच सांगतात. एक वही घ्यावी. कोणी, कोणाला, काय म्हटले आणि उलट काय ऐकले, हे दिवसभर टिपावे. आरंभ स्वतःपासूनच करावा: भांडी घासणाऱ्या बाईंना, कचेरीतील शिपायाला, स्वतःच्या पत्नीला. 'अगं' म्हणण्यात वावगे काहीच नाही. उलट 'अरे' ऐकून घेण्याची आपली तयारी आहे काय, एवढेच तपासावे. त्या कोऱ्या रकान्यात आपली समता किती, ते आपोआप लिहिले जाईल.